पाणी न घालण्याचं काम

चाफा जिवंत आहे की मेला, हे नुसतं बघून कळत नाही. त्याला अंगठ्यानं दाबावं लागतं. खोड टणक लागलं तर तो झोपलाय असं समजावं, त्याला झोपू द्यावं आणि आपण आपल्या कामाला लागावं. अंगठा आत गेला तर मात्र खेळ खलास. मग कितीही डोळे पुसलेत तरी उपयोग नाही.

मी आयुष्यभर असे अंगठे लावत फिरले. केजमध्ये आमची बायकांची सहकारी रोपवाटिका आहे, तिची मी सचिव होते. सचिव म्हटलं की लोकांना खुर्ची दिसते. आमच्याकडं सचिव म्हणजे सकाळी माती कालवायची, दुपारी गिऱ्हाईक सांभाळायचं आणि संध्याकाळी हात धुऊन सहकार खात्याच्या कागदावर सही करायची. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हणून पाठ धरली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाबा, माझं काम पाणी न घालण्याचं." त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. बीड जिल्ह्यात पाणी न घालायला वेगळं माणूस कशाला लागतं? लागतं. कसं लागतं तेच सांगते.

आधी चाफा कुठला ते सांगायला हवं. देवळापुढं असतो तो, जाड बोटांसारख्या फांद्यांचा, तोडला की पांढरा चीक गाळणारा. सोनचाफ्याचं माझ्यापुढं नाव काढू नका, ते लाडावलेलं लेकरू आहे. आपला साधा चाफा मुळात मोठं झाड, पण कुंडीत घातला की कुंडीएवढाच राहतो आणि तरीही फुलतो. म्हणून तो घरात ठेवता येतो. ज्यांना अंगण नाही पण झाडाची हौस आहे, अशी माणसं अंबाजोगाईला, लातूरला वाढायला लागली तेव्हा आमची संस्था उभी राहिली.

हे ज्ञान वडिलांचं. ते एका सहकारी साखर कारखान्याच्या बागेत माळी होते. सहकारी असल्यामुळं बागेला मालक गावोगावचे आणि पाणी घालणारा एकटाच. तिथल्या विश्रामगृहापुढं त्यांनी अर्ध्या ड्रमात गर्द लाल चाफा वाढवला होता, जवळजवळ काळपट लाल. विश्रामगृह पाडायची वेळ आली तेव्हा वडिलांनी तो ड्रम मागून घेतला आणि घरी आणला. ते गेल्यावर तो माझ्याकडं आला आणि माझ्याबरोबर संस्थेत आला.

चाफ्याचं रोप करायची रीत ऐकून नवीन माणूस हसतो. फांदी कापायची आणि लावायची नाही. सावलीत टाकून द्यायची. कापलेल्या जागेवर साल धरेपर्यंत वाळू द्यायची, मग मुरूम, जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत एकत्र करून त्यात उभी करायची आणि कोंब दिसेपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. ओल्या जखमेनं लावली की कुजलीच. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, वाळलेलं लाकूड इकता व्हय?" मी म्हणायची, "हो, आणि वर शिव्याही देते, पाणी घातलंत तर."

पांढरा, पिवळा चाफा कुठंही मिळतो. लालसाठी मात्र नगरपासून रोपवाले आमच्या दारात यायचे. लालची काडी जरा मूळ धरते न धरते तोच विकली जायची. त्यामुळं लालची रोपं आमच्याकडं कधी उरलीच नाहीत, मूळ झाड तेवढं एक. त्या एका ड्रमावर आमच्या संस्थेचं पोट होतं म्हटलं तरी चालेल.

आता तो दुष्काळ. त्याचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना ते नको असतं आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना कळायचं नाही. आमच्यापुरतं सांगते. आजूबाजूच्या विहिरी आटल्या आणि आमच्या विहिरीला थोडं पाणी टिकून राहिलं, तेच तिला नडलं. तहसीलचा माणूस कागद घेऊन आला आणि विहीर टँकर भरायला लागली. बरोबरच होतं. माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना गुलाबाला पाणी घालणारी मी नाही. पाठोपाठ जागेचा मालक आला. जनावरांच्या छावणीसाठी त्यानं ती जमीन द्यायचं कबूल केलं होतं, आम्ही जागा रिकामी करावी. तेही बरोबरच होतं. त्या वर्षी माझ्या आड आलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. चुकीच्या गोष्टीशी निदान भांडता तरी येतं.

विहीर टँकरला गेली, जागा छावणीला गेली आणि झाडं माझ्या गळ्यात पडली.

लिंबाखाली सभा भरली. गुलाब, मोगरा, जास्वंद तर पाण्यावाचून आधीच माना टाकत होते. "दुष्काळात फुलझाडं कोन घेतंय? मोडून टाकू संस्था अन् मोकळं व्हू," असं एकीनं म्हटलं आणि बऱ्याच जणींच्या माना हलल्या. त्यांचंही काय चुकलं? निम्म्या जणी दसरा झाला की ऊस तोडायला जाणाऱ्या. आमची अध्यक्ष पारूबाईसुद्धा त्यातलीच. नवरा-बायकोचा एक कोयता, दसऱ्यानंतर जायचं, गुढीपाडव्याच्या सुमारास यायचं. अध्यक्ष अर्धं वर्ष उसाच्या फडात, अशी सहकारी संस्था दुसरी असेल तर मला दाखवा.

 पारूबाई पदर खोचून उभी राहिली.

"संस्था माज्या माघारी मोडायची न्हाई," ती म्हणाली. "म्या पाडव्याला येते. तवर लाल चाफा जित्ता ठेवा. त्यो हाय तर संस्था हाय. त्यो गेला तर मीच माज्या हातानं कुलूप घालते. मग कुनी रडायचं न्हाई."

सगळ्या जणींनी माझ्याकडं पाहिलं. ठेवणार कुठं, हा प्रश्न होताच. माझं घर गल्लीतलं, उत्तरेकडं तोंड केलेलं, उन्हाचा कवडसाही आत यायचा नाही. अंधारात चाफा जगत नाही. त्याला पाणी नसलं तरी चालतं, ऊन नसलं तर चालत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की झाडं ज्यांच्या घरात ऊन येतं त्यांच्याकडं वस्तीला पाठवायची. विकायची नाहीत, सांभाळायला द्यायची. पाऊस पडून जागा मोकळी झाली की परत आणायची. बाकीच्या फुलझाडांना मी हात जोडले आणि चाफे तेवढे वाचवायचं ठरवलं.

झाडाला घर मिळवणं हे भाड्यानं खोली मिळवण्यापेक्षा अवघड निघालं. चिकाचं झाड घरात ठेवू नये असं आपल्याकडं मानतात, आणि चाफा तर चिकाचा बादशहा. केजच्या देशमुखीणकाकूंच्या माडीला छान दक्षिणेची खिडकी होती. पांढऱ्या चाफ्याची कुंडी घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"आगं, चिकाचं झाड घरात? अन् त्ये बी चाफा? मसनवट्यातलं झाड हाय त्ये."

"काकू, देवळातलंही हेच झाड आहे."

"मग देवळात ठिव की."

"देवळाला खिडकी नाही."

काकू हसल्या आणि कुंडी माडीवर गेली. पुढच्या खेपेला जाऊन बघते तर चाफ्याला हळद-कुंकू लावलेलं आणि बुंध्याशी चिखल. काकू तुळशीसारखं त्यालाही रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होत्या. प्यायचं पाणी दोन दिवसांच्या रांगेनं मिळत होतं त्या दिवसांत! मी पुष्कळ समजावलं की थंडीत हे झाड पानं टाकतं आणि झोपतं, झोपेत पाणी घातलं की मुळं कुजतात. काकूंना पटेना. तहानेल्या जिवाला पाणी देऊ नका म्हणणारी बाई त्यांना माझ्या रूपानं पहिल्यांदाच भेटली असावी. शेवटी मी म्हटलं, "काकू, त्याचा उपास आहे."

"कशाचा गं?"

"कडक आहे. निर्जळी."

"आस्सं म्हन की मग! कवा सुटनार?"

"कोंब दिसला की."

त्या दिवसापासून त्या कुंडीची काळजी मिटली. देशमुखीणकाकू स्वतः मरतील पण दुसऱ्याचा उपास मोडणार नाहीत.

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात एक सिस्टर होत्या. त्यांनी पिवळा चाफा नेला तो क्वार्टरच्या आतल्या खोलीत, पडदे ओढून, वर पंखा. पेशंटच ठेवला जणू. उन्हाचा त्रास नको म्हणून. चाफ्यानं बिचाऱ्यानं झरोक्याकडं मान ताणून ताणून पांढरट, लुळा शेंडा काढला. मी पडदे उघडले, कुंडी खिडकीशी सरकवली आणि सांगितलं की सावलीतून एकदम उन्हात नेऊ नका, आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त, नाहीतर पानं भाजतात. पानांच्या देठाशी कापसासारखी पांढरी कीड बसली होती, ती साबणाच्या फडक्यानं पुसायला शिकवलं. पुढं थंडीत एक दिवस त्यांचा रडका फोन आला, "ताई, गेला हो! एक पान राहिलं नाही."

"दाबून बघा."

"टणक लागतोय."

"मग गेला नाही. रजेवर आहे."

त्यावर सिस्टर म्हणाल्या, "बरंय बाई चाफ्याचं, न मागता रजा मिळते."

आता लाल चाफा. त्याच्यासाठी मी सगळ्यांत चांगलं घर शोधलं. अंबाजोगाईतले शंकरअप्पा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. घराला दक्षिणेकडं जाळीची पडवी, दिवसभर ऊन, वारा, आणि माणूस असा नेमाचा की त्यांच्या येण्याजाण्यावर गल्लीनं घड्याळ लावावं. मुलगा-सून भले. मी मनात म्हटलं, वडिलांचं झाड इथं सुखात राहील.

ड्रम केजहून जीपमधून न्यायचा होता. पोरं मागं लटकून येतील पण झाडाला सीट द्या, असं मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ह्ये झाड हाय का नवरदेव?" पारूबाई निरोप द्यायला आली होती, दुसऱ्या दिवशी तिची टोळी निघायची होती. ड्रम चढला, माणसं चढली आणि मागचं दार धाडकन लावताना एक फांदी मोडली. मी त्या ड्रायव्हरला जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पारूबाईनं फांदी उचलली. तिच्या टोकातून चीक गळत होता.

"टाकून दे," मी म्हटलं. "थंडी तोंडावर आलीय. ही आता मूळ धरायची नाही."

"टाकायची कावून? कोपीत शिंक्याला आडकवते."

कोपी म्हणजे ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी. मी म्हटलं, "तिथं काय करणार तिचं?"

"काय करायचं? घरचं कायतरी संगं असावं," ती म्हणाली आणि फांदी तिनं बोचक्यात खोचली. जीप निघाली आणि ती फांदी माझ्या डोक्यातून गेली.

अप्पांकडं मी अधूनमधून जात होते. नुकतीच आंघोळ झाल्यासारखे, धुतलेल्या टोपीनं ते मला पडवीत घेऊन जायचे आणि चाफ्यापुढं उभे राहायचे. पानं गळायला लागली तेव्हा ते अस्वस्थ झाले. मी काकूंचा उपास त्यांनाही सांगून पाहिला. पण अप्पा उपासतापास न मानणारे. एसटीत उपास करून घाट उतरता येत नाही, म्हणाले.

"घोटभर बी न्हाई का पानी?"

"नाही. थंडी संपू द्या."

"बाई, म्या सारी नोकरी पानी बघितल्याबगर गाडी काडली न्हाई. सकाळी आधी रेडिएटर, मंग चहा."

"अप्पा, ही गाडी डेपोत लागलीय. आता तिला पाणी नको."

ते मान हलवायचे. ब्रेक बघू नका असं मी सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. पण खोड दाबलं की टणक लागायचं आणि मी निश्चिंत मनानं परतीच्या जीपमध्ये बसायची.

शिवरात्रीच्या आसपास गेले तेव्हा अप्पा दारातच भेटले, खूश होते.

"बाई, तुमच्या ड्रमाला गळती व्हती. काडली म्या."

 ड्रमाच्या बुडाला वडिलांनी पाडलेली भोकं होती. जादा पाणी त्यातून निघून जावं म्हणून ती असतात. कुंडीतल्या झाडाचा जीव भोकात असतो. अप्पांनी चिंध्यांचे बोळे करून, वर डांबर लावून ती सगळी बंद केली होती. अशा दुष्काळात थेंब वाया कसा जाऊ द्यायचा?

मी अंगठा लावला. तो आत गेला. बुंध्याशी वास येत होता, तुंबलेल्या गटाराचा.

"सुरी द्या," मी म्हटलं.

चाफा वरून खाली कापत गेले तर कधी कधी वाचतो. आत पांढरं, स्वच्छ लाकूड दिसलं की तिथून काडी वाचली म्हणायची. मी एक फांदी कापली, मधोमध तपकिरी डाग. आणखी वर कापली, डाग. शेंड्यापर्यंत गेले, डाग. सगळ्या फांद्या कापून झाल्या. अप्पा एकेक तुकडा माझ्या हातातून घेत होते आणि स्वतःच उलटून बघत होते. एकाही तुकड्यात चीक नव्हता.

माझं डोकं भडकलं होतं. तोंड उघडलंच होतं मी. तेवढ्यात आतून सून आली आणि तुकड्यांचा ढीग बघून तिथंच थांबली.

"मामांनी आंघोळ सोडली व्हती ह्याच्यापायी," ती म्हणाली. "टोपी धुतेत, आंग नुसतं पुसतेत. जेवताना तांब्या भरून घेतेत अन् अर्धा ठिवतेत."

"म्या माज्या वाटचंच घातलं, बाई," अप्पा म्हणाले. "लेकरांच्या वाटचं न्हाई घातलं."

 वडिलांचं झाड ज्या माणसानं मारलं होतं, त्यानं त्याला स्वतःच्या तोंडचं पाणी पाजलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांचे पाय धरावेत असंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. तुकडे गोळा केले, रिकामा ड्रम घेतला आणि केजला आले. जीपमध्ये तो ड्रम मांडीशी धरून मी रडले, हे लपवून काय करू? वडील गेले तेव्हा घरच्या माणसांना सावरण्यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं.

पाडव्यापर्यंत मी कुणाला काही बोलले नाही. बोलून होणार काय? उरलेल्या कुंड्यांमागं मात्र हात धुऊन लागले. घराघरांत गेले, भोकं तपासली, कुणी बशी ठेवून पाणी साठवलं असेल ती काढली, एका पतसंस्थेच्या कचेरीत लोक कुंडीत उरलेला चहा ओतत होते त्यांना फैलावर घेतलं. लोक म्हणायला लागले, बाई आली की पाणी लपवा. म्हणू देत. लाल गेला तो गेला, पण दुसरं एकही झाड आता लाडानं मरू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आणि एकही मेलं नाही, हे मी आजही मान ताठ करून सांगते. त्या दुष्काळात घराघरांतली लोकांची स्वतःची कुंडीतली झाडंही मी जवळून पाहिली. तहानेनं गेली त्यापेक्षा माणसांच्या मायेनं जास्त गेली. जिथं पाणी ही सगळ्यांत मोठी वस्तू असते, तिथं माया करायची म्हणजे माणूस पाणीच देणार.

पाडवा झाला. छावणीच्या कडेला, जनावरांच्या हंबरण्यात आमची सभा बसली. पारूबाईच्या टोळीचा ट्रॅक्टर सकाळीच आला होता. डोक्यावरचं बोचकं घरी न टाकताच ती सभेला आली. उन्हानं काळी पडली होती आणि हातांना उसाच्या पानांचे ओरखडे.

"लाल कसा हाय?" बसायच्या आधी तिनं विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

"कशानं?"

"पाण्यानं."

दोघी-तिघी फस्सकन हसल्या आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या वर्षी, बीड जिल्ह्यात, एक झाड पाण्यानं मेलं होतं. मी सगळं सांगितलं, अप्पांचा तांब्या, डांबर लावलेली भोकं, काही राखलं नाही. शेवटी म्हटलं, "पारूबाई, तू म्हणाली होतीस तसं कुलूप घाल. पण पांढरे-पिवळे सगळे जिवंत आहेत. मला विचारशील तर मी कुलूप घालू देणार नाही. भांडायचं असेल तर भांड."

 पारूबाई खाली बसली आणि बोचक्याची गाठ सोडायला लागली. गोधडी निघाली, तवा निघाला, आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली ती फांदी निघाली. सुरकुतून म्हातारीच्या मनगटावरच्या कातडीसारखी झालेली. आणि तिच्या शेंड्याला, माती नाही, पाणी नाही, मूळ नाही, तरी गर्द लाल फुलांचा एक गुच्छ.

"कोपीत शिंक्याला व्हती," ती म्हणाली. "शेजारणीनं दोनदा चुलीत घालायला काडली. तिकडं पाटाला पानी वाहातंय, म्या रोज बघत व्हते. वाटायचं, घालावा गडवा. पर तुमी म्हनलावता ना, वाळू द्यायची असती."

चाफ्याच्या जाड काडीत साठा असतो, त्यावर ती महिनोन् महिने तग धरते, कधी फूलही काढते. हे मला ठाऊक होतं. शेकडो गिऱ्हाइकांना मी ते सांगितलं असेल. तरी ते फूल मी दोनदा जवळ नेऊन पाहिलं. मी अंगठ्यानं दाबलं. सुरकुत्यांखाली काडी टणक होती. टोक नखानं किंचित खरवडलं आणि चिकाचा पांढरा ठिपका वर आला.

कुलपाचा विषय कुणी काढला नाही.

काडी लावण्याआधी मी तो फुलांचा गुच्छ काढला, कारण फूल काडीचा साठा खातं. बायकांना ते बघवलं नाही. मग फुटक्या रांजणाच्या बुडात मुरूम-वाळू भरून काडी उभी केली आणि माझ्या गल्लीत ऊन नाही म्हणून देशमुखीणकाकूंच्या माडीवर ठेवली. काकूंनी स्वतःच विचारलं, "ह्याचा बी उपास का?" येणारी-जाणारी प्रत्येक बाई तांब्याकडं हात नेई आणि काकू तिच्यावर डोळे वटारत. उन्हाळा तापल्यावर शेंड्याला हिरवा कोंब दिसला. काकूंनी केजभर निरोप पाठवला की उपास सुटला.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली, विहीर परत मिळाली. जनावरांनी जाताना आमच्यासाठी शेणखताचा डोंगर मागं ठेवला, तो आम्हाला काही वर्षं पुरला. लाल चाफ्याला फांद्या फुटल्या. पहिल्यांदा काड्या करायची वेळ आली तेव्हा रोपवाले दारात बसून होते. पण पारूबाई म्हणाली, "पयली काडी अंबाजोगाईला. अप्पाला."

"पुन्हा त्यांच्याकडं?" माझा आवाज चढला. "ते माझ्या वडिलांचं झाड होतं, पारूबाई."

"हां, तुमच्या वडलाचंच व्हतं. ज्यानं त्येला आपल्या तोंडचं पानी दिलं, त्येच्याकडं न्हाई तर कुनाकडं द्यायचं?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग एक मोठी कुंडी घेतली आणि तिला बुडाला, बाजूला, जिथं जिथं जमेल तिथं मी स्वतः भोकं पाडली. काडी मूळ धरून पानांवर आल्यावर ती कुंडी घेऊन अप्पांच्या दारात गेले. अप्पा थकले होते. त्यांनी कुंडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मला नगं बाई. माज्या हातून पुन्हा व्हईल." मी कुंडी पडवीत ठेवून आले.

आता माझे गुडघे गेले आहेत. संस्थेत नव्या मुली आहेत, मागण्या मोबाइलवर येतात, लाल चाफा कुठकुठल्या घरांत गेलाय ते मलाही सांगता येणार नाही. वडिलांचा तो अर्धा ड्रम मात्र माझ्या दारात अजून रिकामाच आहे. त्यात दुसरं काही लावायला माझा हात होत नाही.

अप्पांकडं मी नंतर उन्हाळ्यात गेले होते. जाळीतून ऊन आत आलं होतं आणि चाफ्याला फुलं होती. पानांवर असताना आठवड्यातून एकदा पाणी घालायचं, एवढी मुभा मी दिली होती. त्यांनी माझ्यासमोर तांब्याभर पाणी घातलं, गुडघ्यांवर हात टेकून कष्टानं खाली वाकले आणि कुंडीच्या बुडाशी ओंजळ धरून थांबले. ओंजळीत पाणी पडायला लागलं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"बघा बाई," ते म्हणाले, "गळतीया!"